पाच काळ्या पट्ट्या आणि नववीतला गळा

आठवी-नववीतला एखादा मुलगा सकाळच्या प्रार्थनेत एकाएकी गप्प होतो. चार महिन्यांपूर्वी हाच पोरगा अख्ख्या रांगेला ओढून नेईल अशा खणखणीत आवाजात गायचा. आता राष्ट्रगीताच्या शेवटी सूर तार षड्जाकडे चढतो तिथं त्याचा आवाज चिरकतो, मागून कुणीतरी खुसखुसतं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो नुसते ओठ हलवू लागतो. घरचे म्हणतात, ‘कंठ फुटला.’ शाळेत कुणी काहीच म्हणत नाही. कितीतरी पुरुषांचं गाणं या वयात असं मुकाट्यानं बंद पडतं, आणि पुढं आयुष्यभर ते सांगत राहतात, ‘आपल्याला काही गाता येत नाही बुवा.’

या गप्प बसण्याची मला फार हळहळ वाटते. कारण नेमक्या त्याच दिवसांत त्या मुलाच्या गळ्यात जे चाललेलं असतं, ते थक्क होऊन बघत राहावं असं आहे. शिवाय त्यावर आपल्या संगीतानं शतकानुशतकं एक उत्तर जपून ठेवलेलं आहे, आणि ते शाळेच्या कपाटात पडून असलेल्या जुन्या पेटीवरसुद्धा वाजवून दाखवता येतं.

हे सगळं लिहिताना डोळ्यांपुढं दिग्गी आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्याच्या अगदी कडेला, सह्याद्रीच्या दाट रानात हे गाव आहे. काळी नदीचा उगम याच परिसरातला, आणि डोंगर ओलांडला की गोवा. वस्ती बहुतांशी कुणबी समाजाची. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथल्या माणसांच्या तोंडात भाषांची अवघड सरमिसळ सहज नांदते: घरात कोकणी, शाळेत कन्नड, आरती-भजनाला मराठी. तालुक्याचं जुनं ठाणं सुपे हे गाव काळीवरच्या धरणाच्या पाण्यात गेलं आणि कारभार जोयड्याला आला. घाटमाथ्यावरच्या अशा विखुरलेल्या वस्त्यांतली मुलं हायस्कुलासाठी घरापासून लांब जातात. म्हणजे गाव सुटण्याचं आणि आवाज फुटण्याचं वय एकच. अशा मुलापुढं संगीताचा तास आला, तर त्या तासाला त्याला काय देता येईल?

आधी गळ्यात डोकावू. जिवंत माणसाचे स्वरतंतू गाताना कसे हलतात हे पहिल्यांदा नीट न्याहाळलं ते एका गायनशिक्षकानं, डॉक्टरनं नव्हे. मान्युएल गार्सिया हे त्याचं नाव. १८५४ मध्ये त्यानं दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात घातला, दुसऱ्या आरशानं त्यावर सूर्याचा कवडसा पाडला, आणि स्वतःचाच गळा स्वतः पाहिला. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं त्याचा निबंध वाचला गेला. घसा तपासायची आधुनिक वैद्यकाची रीत त्या आरशातून पुढं आली. गार्सिया १०१ वर्षं जगला आणि ‘स्वर निघतो तरी कसा?’ हा प्रश्न त्यानं कधी सोडला नाही.

त्यानं पाहिलं ते असं: श्वासनळीच्या तोंडाशी ओलसर, पांढुरक्या दोन घड्या. श्वास घेताना त्या बाजूला सरतात, सूर लावताना मिटतात, आणि खालून येणारी हवा त्यांना फडफडवते. लहान मुलाच्या बोलण्यात ही उघडझाप सेकंदाला साधारण अडीचशे ते तीनशे वेळा होते, मोठ्या बाईच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास, मोठ्या पुरुषाच्या बोलण्यात एकशेवीसच्या आसपास. या घड्यांचा थरथरणारा भाग मोठ्या बाईत जेमतेम दहा मिलिमीटर, पुरुषात सोळा. बस्स, एवढंच. लता मंगेशकर आणि भीमसेन जोशी यांच्या आवाजांतल्या अंतराचा मोठा हिस्सा या सहा मिलिमीटरांत आहे, हे मनात आलं की मी दर वेळी थबकतो.

मुलाच्या बारा ते पंधरा या वयात शरीरातलं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि स्वरयंत्राची कूर्चा पुढच्या अंगाला झपाट्यानं वाढते. गळ्यावर दिसू लागणारा कंठमणी म्हणजे त्याच वाढीचं टोक. आतल्या घड्या लांबतात, जाड होतात, आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. हे काम एका रात्रीत होत नाही आणि वर्षानुवर्षं रेंगाळतही नाही. पण मधल्या महिन्यांत मोठी पंचाईत होते. सूर लावताना एक स्नायू घड्यांना ताणतो, दुसरा त्यांना आखडून जाड करतो, आणि या दोघांचा तोल मेंदूनं लहानपणापासून लाखो वेळा घोटून घेतलेला असतो. ‘सा’ला इतका ताण, ‘प’ला इतका. आता हत्यारच बदललं. रोजच्या कोयत्याचा दांडा हळूहळू वीतभर लांब होत गेला, तर सरावलेला हातसुद्धा फांदीवर घाव नेमका घालू शकणार नाही, तसं त्या मुलाचं होतं. सवयीप्रमाणे ताण दिला जातो, सूर भलतीकडेच लागतो, मेंदू घाईघाईनं सावरायला जातो, आणि आवाज एका ठेवणीतून दुसरीत उडी मारतो. आपल्याला ऐकू येतं ते चिरकणं. मुलाचा कान शाबूत असतो. सूर चुकला हे त्यालाच सगळ्यांच्या आधी कळतं, म्हणून तर तो गप्प होतो.

मुलींचाही आवाज बदलतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्यांचा उतार लहान असतो, साधारण दोन-तीन अर्ध्या स्वरांचा. पण काही महिने आवाजात हवा मिसळते, वरचे सूर पातळ होतात, दमसास कमी पडल्यासारखा वाटतो. ‘अलीकडे हिचा आवाज बसलाय’ म्हणून त्यांनाही कोरसमध्ये मागं ढकललं जातं.

आवाज फुटण्याच्या वयात किती काय नोंदलेलं असतं, याची एक जर्मन गोष्ट मला फार आवडते. लाइपत्सिग शहरातल्या सेंट टॉमस शाळेत योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० पर्यंत संगीतप्रमुख होता. शाळेतली मुलं चर्चमध्ये गायची आणि कोण वरच्या आवाजात गातो, कोण खालच्या, याच्या याद्या राहिल्या. एका अभ्यासकानं १९७० मध्ये त्या याद्यांवरून हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की त्या काळी मुलांचा आवाज साधारण सोळाव्या-सतराव्या वर्षी फुटत होता. आणि १७४० नंतर, ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाच्या धामधुमीत, ते वय आणखी पुढं सरकलं. मुलांच्या पोटात काय गेलं आणि काय गेलं नाही, याचा दाखला गाण्याच्या यादीत सापडला! आज बऱ्याच देशांत हे वय तेरा-चौदापर्यंत खाली आलं आहे. आपल्याकडे ते नेमकं सातवी ते नववीच्या वर्षांत पडतं, म्हणजे संगीत हा विषय शाळेच्या वेळापत्रकात असेलच तर त्याच वर्षांत.

युरोपच्या वृंदगायनात स्वर ठरलेले असतात. मुलगा तिथं आज सोप्रानो, उद्या आल्टो, परवा टेनर किंवा बास असा खालच्या मजल्यावर उतरत जातो. आपल्याकडे मामला वेगळा आहे. आपला ‘सा’ कुठंच खिळलेला नाही. तुमच्या गळ्याला जिथं आराम वाटतो, जिथून खाली मंद्र पंचम आणि वर तार सप्तकातला मध्यम-पंचम गाठता येतो, तो तुमचा ‘सा’. मग तानपुरा त्यावर लावायचा, तबलजीनं त्या स्वराचा तबला काढायचा, पेटीवाल्यानं ती पट्टी धरायची. ‘यांची पट्टी काय?’ हा मैफलीतला पहिला प्रश्न. उत्तर येतं, ‘काळी एक’, ‘पांढरी दोन’, ‘काळी चार’. पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या पट्ट्या, पाच काळ्या. पुरुष गायक बहुधा काळी एक ते काळी दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-काळी पाचच्या आसपास. कंपनांत सांगायचं तर पुरुषाची काळी एक सेकंदाला सुमारे १३९, स्त्रीची काळी चार सुमारे २०८.

म्हणजे आवाज उतरला तर हिंदुस्थानी संगीत शिकणाऱ्या मुलाचं काहीच बुडत नाही. भूप तोच, यमन तोच, पाठ केलेले पलटे तेच. फक्त घर हललं. मधल्या काळात दर काही आठवड्यांनी नवी पट्टी शोधावी लागते, इतकंच.

याचं सगळ्यात उजळ उदाहरण जोयड्यापासून फार लांबचं नाही. गंगूबाई हनगल यांचा जन्म धारवाडचा, १९१३ मधला. १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी अध्यक्ष होते असं ते एकमेव अधिवेशन. तिथल्या स्वागतगीतात शाळकरी वयाच्या गंगूबाई गायल्या. तेव्हा त्यांचा आवाज बारीक, उंच होता. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांतही तो तसाच ऐकू येतो. पुढं घशाच्या दुखण्यानं आणि त्यावरच्या उपचारानं आवाज उतरला आणि इतका भरीव झाला, की नुसतं रेडिओवर ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला जाऊन त्या सवाई गंधर्वांकडे शिकल्या. गळा बदलला म्हणून त्यांनी गाणं टाकलं नाही. त्या नव्या, खालच्या घरातून त्यांनी किराणा घराण्याची गायकी उभी केली. आज म्हैसूरच्या संगीत विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

मग शाळेत अडतं कुठं? पट्टीपाशीच अडतं. गुरूपुढं एक शिष्य बसला की त्याची पट्टी धरता येते. वर्गात चाळीस मुलं, पेटी एक, पट्टी एक. ही अडचण आपल्याकडे तशी नवी आहे, कारण वर्गातलं गाणंच नवं. पुण्याचा गायन समाज १८७४ मधला, बडोद्यात मौलाबक्षांची संगीतशाळा १८८६ मध्ये निघाली. पण वर्ग, फळा, क्रमिक पुस्तक, परीक्षा असं पूर्ण रूप गायनाला दिलं ते कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी. लहानपणी फटाक्यानं त्यांची दृष्टी गेली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी शिक्षण घेतलं आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या पदरी नसलेली, लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालणारी ती शाळा होती. १९०८ मध्ये मुंबईची शाखा निघाली. १९३१ मध्ये ते वारले, त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. आज खेड्यापाड्यातली मुलं ‘प्रारंभिक’, ‘प्रवेशिका’, ‘मध्यमा’ देतात ती याच मंडळाच्या परीक्षांतून. कर्नाटकात शासनाच्या ‘ज्युनियर’, ‘सीनियर’, ‘विद्वत’ या परीक्षा हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही पद्धतींत होतात. महाराष्ट्रात शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात.

पलुस्करांनी गाणं बैठकीतून काढून सर्वांच्या मुलांपुढं ठेवलं, हे ऋण फार मोठं आहे. पण चाळीस मुलांना एका पट्टीत बसवताना प्रत्येकाचा आपला ‘सा’ हातचा सुटला. वर्गाची पट्टी बाईंच्या गळ्याची असेल तर कंठ फुटलेली मुलं गुदमरतात, गुरुजींच्या गळ्याची असेल तर मुली खर्जात बुडतात. म्हणून ती पेटी उघडू या.

आता फक्त काळ्या पट्ट्यांकडे पाहा. एका सप्तकात त्या पाच: दोनांची जोडी, मग तिघांची. पांढऱ्यांना हात लावायचा नाही. काळी तीनला ‘सा’ धरून क्रमानं पाचही वाजवा: सा, रे, ग, प, ध. हा भूप झाला, संध्याकाळचा आणि शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीला भेटणारा. आता पट्ट्या त्याच ठेवा, फक्त ‘सा’ काळी एकवर न्या. ऐकू येतो सा, रे, म, प, ध. म्हणजे दुर्गा! गांधार गेला, मध्यम आला, आणि पेटीवर बोट मात्र एकही नवं पडलं नाही. ‘सा’ काळी दोनवर न्या: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हा धानी. काळी चारवर न्या: सा, रे, म, प, कोमल नी. मध्यमाद सारंगाचे स्वर, पावसाळ्यात मेघही यांवरच उभा राहतो. आणि काळी पाचवर ‘सा’ धरला की सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. रात्र उतरते, मालकंस येतो.

पट्ट्या पाच, राग पाच. बदललं ते फक्त कुठं उभं राहून बघायचं तेवढं.

हे पहिल्यांदा पेटीवर करून पाहणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी संगीताचा तास वेळापत्रकात असावा असं माझं ठाम मत आहे. आपल्या जुन्या ग्रंथांत याला मूर्च्छना म्हटलं आहे, आणि भरताच्या नाट्यशास्त्रापासून तिची चर्चा आहे. कर्नाटक पद्धतीत यालाच ग्रहभेद म्हणतात. तिथं हेच पाच स्वरसमूह मोहनम्, शुद्ध सावेरी, शुद्ध धन्यासी, मध्यमावती आणि हिंदोळम् या नावांनी नांदतात. जोयड्याच्या कन्नड शाळेतल्या मुलाला दोन्ही नावं शिकवता येतील. एवढं मात्र सांगायला हवं, की स्वर म्हणजे राग नव्हे. भूपाचेच पाच स्वर देशकाराचे आहेत, तरी भूप गांधाराकडे झुकतो, देशकार धैवताकडे, आणि ऐकणाऱ्याला दोन वेगळी माणसं भेटतात. पेटीवर हाती लागतं ते रागाचं अंगण. घरात गुरूच नेतो.

हेच पाच स्वर का जमले, यालाही कारण आहे. कुठलाही ‘सा’ घ्या आणि त्याचा पंचम काढा, म्हणजे कंपनं दीडपट करा. मग त्या पंचमाचा पंचम, त्याचाही पंचम, आणखी एकदा. चार पावलांत पाच स्वर हाती येतात, आणि सप्तकाच्या मापात आणून ओळीनं लावले की तो भूप असतो. काळी तीनचा पंचम काळी एक, तिचा काळी चार, तिचा काळी दोन, तिचा काळी पाच. पाचही काळ्या पट्ट्या एकाच साखळीच्या कड्या आहेत. चीन, जपान, स्कॉटलंड अशा एकमेकांपासून लांबच्या देशांतल्या लोकगीतांत अशी पंचस्वरी गाणी का भेटतात, याचं निदान अर्धं उत्तर या दीडपटीत असावं असं मला वाटतं.

आता वर्गाकडे वळू. पुरुषांची काळी एक सुमारे १३९, स्त्रियांची काळी चार सुमारे २०८. भागाकार करून पाहा: जवळजवळ दीडपट. म्हणजे पुरुषाचा पंचम तोच स्त्रीचा षड्ज. इतक्या नेमकेपणानं प्रत्येक गळा बसतो असं नाही, पण साधारण अंतर हेच. पंडित जसराजांनी यातून एक जुगलबंदी बांधली, तिला ‘जसरंगी’ म्हणतात. स्त्री-पुरुष एकत्र गाताना एकानं दुसऱ्याच्या पट्टीत ओढाताण सोसायची, ही जुनी रीत तिथं नाही. गायक आपल्या पट्टीत आपला राग गातो, गायिका आपल्या पट्टीत आपला. एकाचा मध्यम किंवा पंचम तो दुसरीचा षड्ज, त्यामुळे दोन राग एकाच वेळी चालतात आणि एकमेकांत मिसळून जातात. पहिल्यांदा ऐकताना कान बावरतो. नंतर आपण नेमकं कोणत्या रागात बसलोय हे आपल्याच मनावर ठरतं.

जसरंगी मोठ्या कलावंतांची आहे, पण तिचा पाया नववीच्या वर्गात घालता येतो. शिक्षकानं काळ्या पाच पट्ट्यांवर थांबावं. कंठ फुटून खाली उतरलेल्या मुलांनी काळी एकमध्ये दुर्गा धरावा. मुलींनी काळी तीनमध्ये भूप धरावा. ही पट्टी त्यांना थोडी खालची पडते, पण त्या बदलत्या महिन्यांत ती गळ्यावर दयाच करते. ज्यांचा आवाज अजून अधांतरी आहे, त्यांनी मुलींबरोबर भूप गावा आणि तार सप्तकाकडे फिरकू नये. मधल्या चार-पाच सुरांत, हलक्या आवाजात, ‘आ’कार लावावा. या काळात पूर्ण मौन पाळावं की गात राहावं, यावर युरोपात दीर्घकाळ वाद झाला. आता बहुतेक जाणकार सांगतात, की ओरडू नका, ताणू नका, पण गात राहा. गातानाच मेंदू नव्या हत्याराची मापं शिकतो.

एक अडचण लपवू नये. पेटीचे स्वर समान वाटलेले असतात. बाराही अंतरं सारखी, त्यामुळे प्रत्येक पट्टीतून सारखीच गंमत करता येते, पण पंचम सोडला तर जवळपास प्रत्येक स्वर किंचित हललेला असतो. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट जुळली, की तिच्यातून आपोआप गांधार ऐकू येतो. त्याचं ‘सा’शी नातं पाचास चार. पेटीचा गांधार त्याच्याहून जरा वर असतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर मोजले, आणि त्यांच्या मापांवरून श्रुतींची पेटी घडवली गेली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत तिच्यावरून वाद पेटला. आकाशवाणीनं तर १९४० मध्ये पेटीला बाहेरच काढलं आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची संवादिनी तयार केली आहे. म्हणून वर्गात ओळख पेटीवर करून द्यावी आणि सूर मात्र तानपुऱ्यावर लावावा. मिरजेचा तानपुरा शाळेला परवडला नाही तरी फोनमध्ये तानपुऱ्याचं अ‍ॅप असतं. एकदा उतरवून घेतलं की ते रेंज नसलेल्या रानातही चालतं, आणि हव्या त्या पट्टीत वाजतं.

शिवाय दिग्गीसारख्या गावातून आलेलं मूल अगदी कोरं येत नाही. फुगडीच्या रिंगणात, शिगम्यात, तुळशीपुढच्या गाण्यात पेटी नसते. जी बाई गाणं उचलते तिची पट्टी, आणि बाकीच्या तिच्यामागं. उद्या दुसरीनं उचललं तर पट्टी दुसरी. ‘सा’ हलता असतो हे त्या मुलाच्या कानाला आधीच ठाऊक आहे, फक्त त्याला नाव दिलेलं नाही. संगीताच्या शिक्षकानं पहिल्या दिवशी त्याच्या आजीचं गाणं त्याच्याकडून म्हणवून घ्यावं, पेटीवर त्याची पट्टी शोधावी आणि ती त्याला सांगावी. बहुतेक मुलांना आपली पट्टी ठाऊकच नसते, जशी रक्तगटाची चिठ्ठी हाती पडेपर्यंत रक्तगट ठाऊक नसतो.

आणि एक वही घालावी. मोठं काही नको, चार रकाने पुरेत: महिना, सहज लागणारा ‘सा’, सर्वांत खालचा सूर, सर्वांत वरचा सूर. सातवीत सुरुवात करून दहावीपर्यंत प्रत्येक मुलामुलीनं आपली नोंद आपण करावी, पेटीची पट्टी लिहून. सातवीत काळी चारला असलेला मुलगा आठवीच्या दिवाळीत पांढरी चारला येईल, नववीच्या जूनमध्ये त्याचे वरचे तीन सूर गायब होतील, दोन महिने रकान्यात नुसती खाडाखोड दिसेल, आणि मग एखाद्या महिन्यात तो पांढरी एकला किंवा काळी एकला स्थिर होईल. विज्ञानाच्या बाईंना त्यातून आलेख काढून घेता येईल. बाखच्या शाळेत याद्या वेगळ्याच कामासाठी लिहिल्या गेल्या, आणि दोनशे वर्षांनी त्यांतून मुलांच्या वाढीचा इतिहास वाचता आला. जोयड्याच्या एखाद्या हायस्कुलात अशी वही दहा वर्षं चालली, तर काळीच्या खोऱ्यातल्या मुलांचे गळे कोणत्या वयात, कसे उतरतात, हे तिथल्या मुलांनीच मोजलेलं असेल.